बालशिक्षणाची उद्दिष्टे आणि प्रगतीचा खरा हिशेब

(रायपूरच्या सदर बाजार भागात मराठी भाषक कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)

सदर बाजार हा रायपूरचा सराफ बाजार. येथील पेढ्यांवर सोन्याचा कस कसा पाहतात, हे या भागात वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. काळ्या कसोटीवर दागिन्याची रेघ ओढतात, तिच्यावर तेजाब टाकतात आणि रेघ कितपत टिकते यावरून सोने किती टंच आहे ते ठरवतात. व्यवहार चोख आहे. परंतु कसोटीवर कितीही वेळा घासले तरी सोन्याचा टंच वाढत नाही. घासताना कणभर सोने मात्र दगडाला लागून जाते.

तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांच्या शिक्षणाचा हिशेब याच सराफी पद्धतीने घेण्याची प्रवृत्ती आज बळावली आहे. कोणते मूल किती टंच, कोणती अंगणवाडी अव्वल, कोणती सेविका नापास, असा हा हिशेब. मूल हा दागिना नव्हे. त्याचा कस ठरवून त्याला कप्प्यात ठेवावयाचे नसते. ते वाढते आहे की नाही, वाढत नसेल तर कशामुळे, आणि त्यासाठी उद्या सकाळी अंगणवाडीत नेमके काय करावयाचे, एवढेच पाहावयाचे असते. उद्दिष्टाच्या दिशेने होणाऱ्या प्रगतीचा मागोवा घेणे याचा खरा अर्थ एवढाच आहे. आणि तो श्रमिकांच्या मुलांच्या बाजूने कसा घेता येईल, हा आजचा विषय आहे.

विषय कार्यकर्त्यांचा का?

हा शिक्षणतज्ज्ञांचा विषय आहे, चळवळीच्या माणसांना त्यात काय करावयाचे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु या बाजारातीलच वस्तुस्थिती पाहावी. पेढीच्या मालकाचे मूल तिसऱ्या वर्षी खाजगी नर्सरीत जाते. त्याच पेढीवर दागिने घडवणाऱ्या कारागिराचे, माल वाहणाऱ्या हमालाचे, मालकाच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईचे मूल अंगणवाडीत जाते, किंवा कोठेच जात नाही. वर्गभेदाची रेषा पहिलीच्या वर्गात उमटत नाही. ती तिसऱ्या वर्षीच उमटलेली असते. पहिलीत ती फक्त सर्वांना दिसू लागते आणि मग तिला ‘हुशार’ आणि ‘ढ’ अशी नावे मिळतात.

कायद्यानेही या वयाला हात आखडताच घेतला आहे. राज्यघटनेच्या मूळ ४५ व्या कलमात चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण दहा वर्षांच्या आत देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे म्हटले होते. तेथे वयाची खालची मर्यादा नव्हती. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती झाली आणि शिक्षणाचा मूलभूत हक्क आला. पण तो सहा ते चौदा या वयापुरता. सहा वर्षांखालील मुले ‘राज्याने प्रयत्न करावा’ या जुन्याच आश्वासनात राहिली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या ११ व्या कलमानेही सरकारला तीन वर्षांवरील मुलांसाठी व्यवस्था ‘करता येईल’ एवढेच म्हटले. ज्या वयात मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होते, त्याच वयातील शिक्षण अशा रीतीने हक्काच्या कक्षेबाहेर राहिले.

व्यवहारात या मुलांच्या वाट्याला जी योजना आली ती एकात्मिक बालविकास सेवा योजना. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनी तिचा प्रारंभ झाला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व पोषण शिक्षण आणि अनौपचारिक शालापूर्व शिक्षण अशा सहा सेवा तिच्यात आहेत. अन्नाच्या हक्कासाठी २००१ मध्ये दाखल झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ही योजना प्रत्येक वस्तीपर्यंत नेण्याचे आदेश दिले. डिसेंबर २००६ च्या आदेशात १४ लाख अंगणवाड्यांचा आकडा आला. म्हणजे योजना पसरली ती लोकांच्या दबावाने व न्यायालयाच्या आदेशाने, कोणाच्या कृपेने नव्हे. परंतु सहा सेवांपैकी शिक्षणाची सेवा नेहमीच शेवटच्या बाकावर बसली.

कोसबाडचा धडा

‘अंगणवाडी’ हा शब्द सरकारी कचेरीत जन्मलेला नाही. तो मराठी मुलखाने देशाला दिला आहे. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि १९४५ मध्ये त्या त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे आल्या. माँटेसरी पद्धत तोवर शहरातील सुखवस्तू घरांपुरती होती. ताराबाईंनी ती गावात आणली. त्यांच्या लवकरच ध्यानात आले की, बालवाडी उघडली म्हणून दलित वस्तीतील व आदिवासी पाड्यांवरील मुले आपणहून चालत येत नाहीत. तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलून वस्तीवर नेली, घरापुढच्या अंगणात मांडली. ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि ताराबाईंच्या सहकारी अनुताई वाघ यांनी ते १९९२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत चालवले.

१९४५ हे वर्ष लक्षात घेण्याजोगे आहे. याच वर्षी डहाणू-उंबरगावच्या पट्ट्यात किसान सभेच्या झेंड्याखाली, शामराव व गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली शेतमजूर वेठबिगारीविरुद्ध उठले होते. एका बाजूला माणूस म्हणून ताठ उभे राहण्याचा लढा, दुसऱ्या बाजूला त्याच मातीतील मुलांसाठी अंगणातील शाळा. दोन्ही प्रवाहांचे मार्ग व विचार वेगळे होते. त्यांना एकाच माळेत ओवणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु जो वारली जमीनदाराच्या वाड्यावर मान वर करू शकत नव्हता, त्याचेच मूल शिकू शकते, हे दोन्हींनी आपापल्या परीने सिद्ध केले.

प्रगतीच्या हिशेबासंबंधी कोसबाडपासून घेण्याजोगी गोष्ट ही की, तेथे साधने परिसरातून आली. मोजायला शिंपले, बिया आणि खडे. बोलायला मुलाच्या घरची भाषा. मूल शाळेत बसत नाही याचा दोष मुलावर न टाकता शाळेच्या मांडणीत तो शोधला गेला. मोजमापाचे पहिले सूत्र यातच आहे: उद्दिष्ट आणि मूल यांच्यात अंतर दिसले, तर आधी कार्यक्रम तपासावा, मूल नव्हे.

वजन मोजले, शिकणे राहिले

अंगणवाडीत मोजमाप होतच नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. सेविका गेली पन्नास वर्षे मुलांची वजने घेत आल्या आहेत. वाढीच्या तक्त्याची ही कल्पना डेव्हिड मॉर्ली या इंग्रज डॉक्टरने १९५० च्या दशकात नायजेरियातील खेड्यांत काम करताना रुजवली. तिच्यात दोन मोलाच्या गोष्टी होत्या. पहिली अशी की, महत्त्व एका ठिपक्याला नसून रेषेच्या दिशेला आहे. कमी वजनाचे मूल दर महिन्याला वर सरकत असेल तर काम योग्य दिशेने चालले आहे. चांगल्या वजनाचे मूल दोन महिने जागच्या जागी थांबले तर धोक्याची घंटा वाजली. दुसरी अशी की, तक्ता दवाखान्याच्या कपाटात नव्हे तर आईच्या घरी राहील. आपल्या मुलाच्या वाढीची नोंद तिच्या हाती असेल.

या दोन्ही गोष्टी आपल्याकडे हळूहळू मागे पडल्या. ठिपका वर कचेरीत गेला, त्याची टक्केवारी झाली आणि आईच्या हाती फारसे काही उरले नाही. मोजमाप चालू राहूनही कुपोषण हटले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९–२१ मध्ये, पाच वर्षांखालील मुलांत वयाच्या मानाने उंची कमी असलेल्यांचे प्रमाण छत्तीसगढमध्ये ३४.६ टक्के आणि महाराष्ट्रात ३५.२ टक्के आढळले. चौथ्या फेरीत, २०१५–१६ मध्ये, हेच प्रमाण छत्तीसगढमध्ये ३७.६ आणि महाराष्ट्रात ३४.४ होते. छत्तीसगढ थोडे पुढे सरकले; देशातील श्रीमंत राज्यांत गणला जाणारा महाराष्ट्र मागे गेला. तराजू सुधारल्याने मूल जड होत नाही. त्यासाठी ताटात अन्न लागते. २०१७ मध्ये केंद्राने एका मुलाच्या पूरक आहारासाठी दिवसाला ८ रुपये हा दर ठरवला. त्या आठ रुपयांतून किती डाळ, किती तेल येते, ते या बाजारात किराणा भरणाऱ्या कोणत्याही बाईने सांगावे.

आणि शिकण्याचे काय? वजनाला निदान तक्ता होता. मूल बोलू लागले का, इतरांबरोबर खेळू लागले का, गोष्ट ऐकून सांगू लागले का, याला बहुतेक ठिकाणी हजेरीपटापलीकडे नोंद नव्हती. हजर मुलांचा आकडा म्हणजेच शिक्षण, असा समज त्यातून रूढ झाला.

उद्दिष्टे कोणती?

मागोवा घ्यावयाचा तर उद्दिष्ट स्पष्ट हवे. शालापूर्व शिक्षणाची उद्दिष्टे साधारणपणे पाच अंगांनी मांडली जातात: शरीराची व हाताबोटांची वाढ, भाषा, विचारशक्ती, भावना व इतरांशी वागणे, आणि सर्जनशीलता. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तीन ते आठ वयासाठी अशी १३ उद्दिष्टे सांगितली आहेत. त्यातील तात्त्विक सजावटीविषयी मतभेद होऊ शकतात. परंतु त्याच आराखड्याने या वयात चाचण्या व परीक्षा सर्वथा अयोग्य आहेत आणि मूल्यमापन निरीक्षणातून व मुलांच्या कामाच्या नमुन्यांतून व्हावे, असेही म्हटले आहे. ही गोष्ट कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे वाद घालताना ती उपयोगी पडेल. १९९३ मध्ये यशपाल समितीनेही नर्सरीच्या प्रवेशासाठी मुलांच्या चाचण्या व मुलाखती घेण्याची पद्धत बंद करा, असे सांगितले होते.

पालकांची मागणी मात्र वेगळी असते, हे कबूल केले पाहिजे. ‘पोरगं अ आ इ लिहितंय का?’ हा पहिला प्रश्न. खाजगी नर्सरीने पाटी-पुस्तक दाखवून हा प्रश्न पेरला आहे, आणि गरीब आईबापही पोटाला चिमटा घेऊन त्याची किंमत मोजतात. त्यांची चेष्टा करण्यात अर्थ नाही. मुलाने शिकावे ही त्यांची तळमळ खरी आहे. त्यांना समजावून सांगावयाचे ते हे की, ज्या हाताने अजून चिंध्या फाडल्या नाहीत, मणी ओवले नाहीत, माती मळली नाही, त्या हातात पेन्सिल दिली तर अक्षर नव्हे, धास्ती उमटते.

या संदर्भात सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगॉट्स्की यांचा विचार मार्गदर्शक आहे. १९३४ मध्ये अवघ्या सदतिसाव्या वर्षी ते गेले. परंतु त्यांनी मोजमापाचा प्रश्नच बदलून टाकला. मूल आज एकट्याने काय करू शकते, हे पाहणे म्हणजे काल पिकलेले फळ मोजणे होय. मोठ्या माणसाच्या किंवा जाणत्या सोबत्याच्या मदतीने ते काय करू शकते, हे पाहिले तर उद्या काय पिकणार ते कळते. या दोहोंमधील अंतर हे विकासाचे नजीकचे क्षेत्र, आणि शिकवणाऱ्याचे काम त्याच क्षेत्रात चालते. म्हणून ‘येते’ आणि ‘येत नाही’ अशा दोनच रकान्यांची नोंद अपुरी आहे. ‘मदतीने येते’ हा मधला रकाना सर्वांत मोलाचा, कारण उद्याच्या कामाची दिशा तोच दाखवतो.

नोंद कशी घ्यावी?

समजा, एका अंगणवाडीत तीस मुले आहेत आणि ‘ऐकलेली गोष्ट क्रमाने सांगणे’ हे एक उद्दिष्ट आहे. सेविकेने रोज फक्त दोन मुलांकडे डोळसपणे पाहावयाचे ठरवले आणि प्रत्येकाविषयी दोन ओळी लिहिल्या, तर पंधरा दिवसांत सर्व मुलांची एक फेरी पूर्ण होते. महिन्याला चोवीस दिवस या हिशेबाने दहा महिन्यांत प्रत्येक मुलाच्या नावावर सोळा नोंदी जमतात. जुलैत लिहिलेले असेल: ‘चित्रातील कावळा दाखवला, बोलली नाही.’ ऑक्टोबरात: ‘पुढे काय झाले, असे विचारल्यावर दोन वाक्ये सांगितली.’ फेब्रुवारीत: ‘शेजारच्या मुलाला पूर्ण गोष्ट सांगत होती, शेवट स्वतःच्या मनाने बदलला.’ या तीन ओळींत त्या मुलीची जी वाट दिसते, ती दहापैकी सात गुणांत दिसणार नाही.

जोडीला दर चार महिन्यांनी काढलेले एक चित्र तारीख घालून ठेवावे. यासाठी यंत्र लागत नाही. वही, दोरा आणि तारीख पुरते.

नोंद झाली की तिचे वाचन झाले पाहिजे. तीसपैकी बावीस मुले एखाद्या उद्दिष्टाकडे सरकलेली नसतील, तर दोष मुलांचा असणे शक्य नाही. तेथे खेळ अपुरे आहेत, साधने नाहीत, जागा नाही किंवा सेविकेला वेळ नाही. तीनच मुले मागे असतील, तर त्या तिघांकडे स्वतंत्रपणे पाहावे. एखाद्याला नीट ऐकू येत नसेल, एखाद्याची नजर कमी असेल, एखादे उपाशी येत असेल. पहिल्या दोघांसाठी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तपासणीची तरतूद आहे. ती मागून घ्यावी. गैरहजेरीची नोंदही कारणासह व्हावी. धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी घरी राहिलेली मुलगी ‘अनियमित’ नसते. पाळणाघर नसल्याचा तो पुरावा असतो.

भाषा हा या साऱ्यातील नाजूक भाग आहे. रायपूरच्या वस्त्यांत घराघरांतून छत्तीसगढी बोलली जाते. शेजारी उडिया, बंगाली आणि आपली मराठीही आहे. नोंदीचे तक्ते मात्र हिंदीत येतात. २००७ मध्ये छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा मिळाला. तो अंगणवाडीच्या तक्त्यापर्यंत पोहोचला पाहिजे. आजीच्या तोंडची छत्तीसगढी गोष्ट धडाधड सांगणारे मूल हिंदीतील प्रश्नापुढे गप्प झाले, तर त्याच्या नावापुढे ‘भाषाविकास अपुरा’ असे लिहिले जाते. अपुरा असतो तो तक्ता. येथील मराठी कुटुंबांना हे सांगावयास नको. या शहरात माधवराव सप्र्यांसारख्या मराठी मातृभाषेच्या माणसाने हिंदी पत्रकारितेची सेवा केली आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मुलींसाठी शाळाही काढली. परभाषा मनुष्य आत्मसात करतो, पण स्वभाषेच्या पायावर उभा राहून.

आकड्याचा चाबूक होतो तेव्हा

१९७० च्या दशकात डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने एक नियम सांगितला. एखाद्या आकड्यावर जितके अधिक निर्णय टांगावेत, तितका तो आकडा भ्रष्ट होतो आणि ज्या कामाचे मोजमाप करावयाचे त्या कामालाही भ्रष्ट करतो. भारतातील प्रत्येक सेविकेला हा नियम नाव न ऐकताही माहीत आहे. कमी वजनाची मुले अधिक दाखवली की जाब विचारला जातो. कमी दाखवली की शाबासकी मिळते. मग तक्ता हसतो आणि मूल रडते.

मार्च २०२१ पासून देशभर ‘पोषण ट्रॅकर’ हे मोबाइलवरील नोंदीचे साधन आले. माहिती लवकर पोहोचावी या हेतूला विरोध करण्याचे कारण नाही. पण महाराष्ट्रात सेविकांच्या हाती कमकुवत मोबाइल देण्यात आले आणि नोंदी इंग्रजीत भरण्यास सांगण्यात आले, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये हजारो सेविकांनी ते मोबाइल परत केले. हे यंत्राला भिऊन केलेले बंड नव्हते. जिची नोंद तिच्या भाषेत, ही साधी मागणी होती. जुलै २०२५ पासून घरी नेण्याचा आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा यंत्राने ओळखण्याची सक्ती आली. अरुंद गल्लीत, जेथे मोबाइलचे जाळे लागत नाही, तेथे सेविका हात वर करून उभी राहते, आई मूल काखेत घेऊन ताटकळते, आणि आत तीस मुले गोष्टीची वाट पाहत बसतात. जो वेळ यंत्राने खाल्ला तो मुलांच्या शिकण्यातून गेला, याची नोंद कोणत्याही ट्रॅकरमध्ये होत नाही.

ज्या बाईकडून एवढ्या अपेक्षा आहेत तिला राज्य काय मानते? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका सरकारी पदावर नाहीत, असा निर्णय दिला. २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना कामगार मानावे, किमान वेतन व सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केली. ती कागदावर राहिली. केंद्राने ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेचे मानधन ४,५०० रुपये केले. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील सेविकांच्या प्रकरणात त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. हा विजय लहान नाही. छत्तीसगढमध्ये २०२३ च्या आरंभी आंदोलन झाले आणि त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात सेविकांचे मानधन ६,५०० वरून १०,००० आणि मदतनिसांचे ३,२५० वरून ५,००० रुपये झाले. महाराष्ट्रात ४ डिसेंबर २०२३ रोजी सुरू झालेला संप पन्नासहून अधिक दिवस चालला.

हे सारे प्रगतीच्या नोंदीशी असंबद्ध नाही, किंबहुना तोच तिचा पाया आहे. जिची नोकरी कधीही जाऊ शकते ती खरी नोंद लिहू शकत नाही. ‘माझ्या अंगणवाडीत बावीस मुले मागे आहेत’ असे निर्भयपणे लिहिण्यासाठी पाठीशी कायम नोकरीचे बळ आणि संघटनेचा हात लागतो. सेविकेची सुरक्षितता आणि मुलाच्या प्रगतीची खरी नोंद या दोन मागण्या नसून एकाच मागणीच्या दोन बाजू आहेत.

अर्थात याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. कामाचा बोजा आहे म्हणून मुलांच्या शिकण्याचा प्रश्न बाजूला ठेवता येणार नाही. वस्तीतील आई संपात सेविकेच्या बाजूने उभी राहते, ती आपल्या मुलाचे तेथे काही भले होते असा तिचा अनुभव असेल तरच. तो अनुभव देणे हे संघटनेचेही काम आहे.

जगाचा अनुभव

मोजण्याची पट्टी चुकली तर चांगले कामही फुकट गेले असे वाटते, याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. १९६२ मध्ये मिशिगन राज्यातील इप्सिलँटी गावी गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुले घेऊन पेरी शालापूर्व प्रयोग सुरू झाला. त्यांपैकी ५८ मुलांना शालापूर्व शिक्षण मिळाले, उरलेल्यांना नाही. पहिल्या गटाचा बुद्ध्यंक आधी वाढला, पण प्राथमिक शाळेच्या काही वर्षांत तो फरक विरून गेला. हिशेब तेथेच थांबवला असता तर प्रयोग फसला, असाच निष्कर्ष निघाला असता. परंतु अभ्यासकांनी चाळिसाव्या वर्षापर्यंत त्यांचा मागोवा घेतला. शालापूर्व शिक्षण मिळालेल्यांत शालांत शिक्षण पूर्ण करणारे अधिक, कमाई अधिक, तुरुंगाची वाट धरणारे कमी निघाले. बुद्ध्यंकाच्या पट्टीत जे मावले नाही ते आयुष्यात उतरले होते.

दुसरे उदाहरण इटलीतील रेज्जो एमिलिया या शहराचे. १९४५ च्या वसंतात फॅसिस्टांच्या जोखडातून सुटल्यावर जवळच्या व्हिला चेल्ला या वाडीतील शेतकरी-कामगारांनी, माघार घेणाऱ्या जर्मन फौजेने टाकून दिलेला रणगाडा, काही ट्रक व घोडे विकून आलेल्या पैशातून बालशाळा बांधावयास घेतली. ती वार्ता ऐकून लोरिस मालागुत्सी हा तरुण शिक्षक सायकलवरून तेथे पोहोचला आणि त्या कामातच त्याचे आयुष्य गेले. डाव्यांच्या हाती असलेल्या नगरपालिकेने १९६३ मध्ये पहिली बालशाळा चालवावयास घेतली. त्या शाळांत परीक्षा नाहीत. मुले काय बोलली, काय घडवले, वाद कसा मिटवला, याच्या नोंदी, छायाचित्रे व चित्रे शिक्षिका भिंतीवर लावतात. पालक ती वाचतात आणि सभेत त्यांवर चर्चा करतात. म्हणजे प्रगतीची नोंद अधिकाऱ्यासाठी नसून समाजासाठी असते. फॅसिझम पाहिलेल्या माणसांना आज्ञाधारक नव्हे तर विचार करणारी मुले हवी होती. मोजमापाची रीत त्यातूनच ठरली.

कार्यकर्त्यांपुढील कामे

या विवेचनातून निघणारी कामे मोठी घोषणा करण्यासारखी नाहीत; नेटाने करण्यासारखी आहेत.

पहिले काम वस्तीची यादी. चारशे ते आठशे लोकसंख्येमागे एक अंगणवाडी हा निकष आहे. सदर बाजारासारख्या जुन्या, दाट भागात दुकानांच्या मागे व माड्यांवर राहणारी भाडेकरू कुटुंबे गणनेतून सहज निसटतात. तीन ते सहा वयाची किती मुले आहेत, किती अंगणवाडीत जातात, किती कोठेच जात नाहीत, हे घरोघर जाऊन लिहून काढावे. जे मूल यादीतच नाही त्याच्या प्रगतीचा मागोवा कोणी घ्यावा?

दुसरे, नोंद आईच्या हाती द्यावी. छत्तीसगढमधून वीटभट्ट्यांवर आणि मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे मूल वर्षातले कित्येक महिने गावाबाहेर असते. रजिस्टर गावात राहते आणि मूल भट्टीवर. मॉर्लीच्या तक्त्याप्रमाणे साधे प्रगतीपत्र आईजवळ राहिले, तर पुढच्या मुक्कामाच्या अंगणवाडीला ते वाचता येईल.

तिसरे, महिन्याच्या पालक सभेत आहारासोबत शिकण्याचाही विषय घ्यावा. सेविकेने मुलांची चित्रे मांडावीत, दोन-चार नोंदी घरच्या भाषेत वाचून दाखवाव्यात आणि आयांनी प्रश्न विचारावेत. अधिकाऱ्याला द्यावयाच्या जाबापेक्षा हा हिशेब अधिक खरा असतो.

चौथे, अंगणवाडीतून पहिलीत जाताना मुलाची नोंदवही त्याच्याबरोबर गेली पाहिजे. छत्तीसगढमध्ये ५ सप्टेंबर २०२२ पासून पाच हजारांहून अधिक शाळांत पाच ते सहा वयासाठी बालवाड्या सुरू झाल्या. अंगणवाडीत दोन वर्षे जे कळले ते बालवाडीच्या शिक्षिकेला कळावे, नाहीतर प्रत्येक उंबरठ्यावर मूल पुन्हा अनोळखी होते.

पाचवे, मागण्या एकत्र मांडाव्यात: शून्य ते सहा वयाच्या संगोपन व शिक्षणाचा कायदेशीर हक्क, सेविका-मदतनिसांना कर्मचाऱ्याचा दर्जा व किमान वेतन, शिक्षणाच्या वेळेत दुसरे कोणतेही काम नाही, नोंद मुलाच्या घरच्या भाषेत, आणि नोंदीच्या आधारे सेविकेला शिक्षा नाही, मदत.

कॉम्रेड्स, ही मुले मते देत नाहीत, मोर्चा काढत नाहीत, निवेदन लिहीत नाहीत. म्हणूनच त्यांच्याविषयीचा आकडा कोणालाही हवा तसा वाकवता येतो. तो आकडा सरळ ठेवण्याचे काम त्यांच्या आईबापांचे, सेविकांचे आणि त्यांच्यामध्ये काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याचे आहे. येत्या महिन्यात प्रत्येकाने आपल्या वस्तीतील एका अंगणवाडीत तासभर जमिनीवर बसावे, मुलांचे बोलणे ऐकावे, सेविकेला काय अडते ते विचारावे आणि वस्तीची यादी करावयास घ्यावी. पुढच्या बैठकीत चर्चेला ती यादीच समोर असावी.